पहिली काहील कुणाची

माझी आत्ती कामाला वाघ होती, तिच्या हाताला चव होती, आणि दारात आलेल्याला तिनं कधी रिकाम्या पोटी पाठवलं नाही. एवढं तिच्या सासरची माणसंसुद्धा कबूल करत. मग एक सुस्कारा टाकून म्हणत, "खोड एकच वाईट. बाई इचारती."

विचारायची, हे खरंच. जोशीबुवांनी एकदा सांगितलं की आज पूर्वेकडं जाणं चांगलं नाही. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. आत्ती म्हणाली, "आन ज्येचं घरच पूर्वेकडं हाय, त्येनं आज बाजारातच झोपायचं व्हय?" जोशीबुवा पंचांग मिटून पाणी प्यायला गेले. देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला तेव्हा आयाबायांनी पोरं कणगीमागं लपवली. आत्तीनं त्याला ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि टोचल्यानं काय होतं, ताप किती येतो, पोर दगावत नाही कशावरून, सगळं खोदून खोदून विचारलं. उत्तरं पटली तसा तिनं स्वतः माझा दंड धरून पुढं केला. मी गाव गोळा होईल एवढी बोंबलले. तिचं विचारणं नुसतं नाही म्हणण्यासाठी नसायचं, हे त्या दिवशी माझ्या दंडानंच शिकून घेतलं.

मी तिच्या भावाची मुलगी, पेठ वडगावची. तिचा नवरा ऐन पावसाळ्यात तापानं गेला. पदरी मूल नाही, घरात दुसरं माणूस नाही, म्हणून सोबतीला मला पाठवलं. मी तेव्हा परकर नेसत होते. निघताना आईनं बजावलं, "तिचं सगळं ऐक, पर तिच्यावानी होऊ नगंस." पहिलं मी केलं. दुसरं काही जमलं नाही, आणि त्याचा मला आजतागायत पस्तावा नाही. पुढं मी शिकले, मास्तरीण झाले, जन्मभर पोरांना शिकवलं. वर्गात एखादं पोर उठून "बाई, असंच का?" म्हणालं की माझ्या बरोबरीच्या शिक्षिका कपाळाला आठ्या घालत. मला मात्र आत्ती आठवे, आणि त्या पोराला जवळ घ्यावंसं वाटे.

ते कोल्हापूरच्या महाराजांचं राज्य होतं. गाव पंचगंगेच्या काठाला, कोल्हापूरला गाडी सकाळी जुंपली की जेवणवेळेला पोचावी एवढ्या अंतरावर. शहरातल्या गोष्टी बाजाराच्या गाड्यांबरोबर गावात यायच्या. महाराजांची घोडागाडी रस्त्यात कुणीही अडवावी, आपलं गाऱ्हाणं सांगावं आणि महाराजांनी लगाम आवरून, तुमच्याआमच्यासारखं रांगडं बोलून ते ऐकून घ्यावं, असं लोक सांगत. त्यात खरं किती आणि मीठमसाला किती, देव जाणे. पण या गोष्टी आत्ती फार मन लावून ऐकायची.

नवऱ्याचं दिवसकार्य आटोपलं त्याच दिवशी भावकी बसली होती. नवरा जिवंत असतानाच वाटण्या झालेल्या, आत्तीच्या वाटणीला नदीकाठचं एक शेत आलेलं. जमीन लहान, पण काळीभोर. थोरल्या दिरांचा त्या शेतावर डोळा होता, असं मी म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाईमाणसाला ऊसशेती झेपत नाही, तेव्हा शेत त्यांनी कसावं आणि आत्तीनं त्यांच्या घरी दोन घास खाऊन राहावं. आत्ती पदराआडून म्हणाली, "मला झेपतंय का न्हाय, ह्ये मी करून बगितल्याबिगार तुमाला कसं कळलं, भावजी?"

भावकीतले म्हातारे हसले. शेवटी ठरलं ते असं: एक साल तिला द्यायचं. ऊस नीट हाताला आला आणि तिचा गूळ कोल्हापूरला शाहूपुरीच्या पेठेत पोचला, तर शेत तिच्याकडं. नाही तर पुढच्या सालापासून थोरल्या दिरांचा नांगर.

त्या सालात आत्तीनं जे कष्ट केले ते मी पाहिलेत. पौषात तिनं उसाची लागण केली. मोट हाकायला गडी मिळेना, कारण बाईच्या हाताखाली काम करायला गड्यांना कमीपणा वाटे. मग ती स्वतः कासोटा घालून बैलांमागं विहिरीच्या उतरत्या धावेवर उभी राहिली. बाईनं मोट हाकलेली त्या गावानं पाहिली नव्हती. नदीवर बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी तोंडावरच म्हणालं की हे बरं दिसत नाही. आत्ती म्हणाली, "बैलास्नी तर काय फरक वाटंना झालाय. मागनं बाई हाकतीया का बाप्या, त्येंनी वळून बगितलंबी न्हाय." मी पाण्याची दारं मोडायची, म्हणजे एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी वळवायची. संध्याकाळी घरी आलो की तिचे तळहात सोललेले असायचे, आणि ती त्यांना गोडं तेल लावत उद्याच्या कामाचं बोलायची.

ऊस असा आला की वाटेनं जाणारा थांबून बघे. थोरले दीरसुद्धा एकदा बांधावर उभे राहून गेले. दिवाळी झाली आणि आमच्या उसाला तुरे आले. तुरा आला म्हणजे ऊस तयार झाला. आता तोडून गाळला पाहिजे. नाही तर तो वरून उभा दिसतो पण आतून पोकळ पडत जातो, रस आटतो, गुळाला ना रंग ना चव. शिवाय कोल्हे टपलेले असतातच.

इथं आडवी आली ती गावची रीत.

आमच्या गावात गुऱ्हाळ एकच. नदीकाठी चुलवाण, म्हणजे जमिनीत खणलेली मोठी भट्टी. तिच्यावर रस उकळायची लोखंडी काहील. आणि बाजूला बैलांनी फिरवायचा चरक. सगळं गावकीचं. प्रत्येकानं पाळीपाळीनं आपला ऊस आणून गाळायचा. पण हंगामातली पहिली काहील पाटलांची. तो त्यांचा मान. पाटलांची काहील उतरल्याशिवाय दुसऱ्या कुणी चुलवाण पेटवायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं, आणि कधी अडलं नव्हतं, कारण पाटलांचा ऊस नेहमी सगळ्यांच्या आधी तयार असे.

त्या साली पाटलांच्या लेकीचं लग्न आजऱ्याकडं होतं. त्या धावपळीत त्यांची लागण मागं पडली. आमच्या उसाला तुरे डुलत होते तेव्हा पाटलांचा ऊस हिरवा, कोवळा, पाणचट उभा होता. अजून महिना-दीड महिना तरी तो गाळण्याजोगा होणार नव्हता. आणि सगळं गाव थांबलं होतं.

कुरकुर घरोघरी होती. आमच्यासारखी आगाप, म्हणजे लवकरची, लागण आणखी काहींची होती. त्यांचाही ऊस वाळत होता. पण ही कुरकुर उंबऱ्याच्या आत. बाहेर जो तो म्हणे, "मान हाय त्येंचा. थांबाय पायजे." थोरले दीर तर हे फारच समजूतदारपणे म्हणायचे. आत्तीचा ऊस चरकाआधीच आटला तर त्यांना कुणाशी भांडायचीही गरज नव्हती.

आत्ती आधी गुळव्याकडं गेली. गुळव्या म्हणजे गूळ करणारा कारागीर, चुलवाणाचा मालकच म्हणा ना. तो चुलवाणाला नवी माती लिंपत बसला होता. आत्तीनं विचारलं, "दादा, पयली काहील पाटलांचीच का?"

"का म्हंजे, वयनी? पयल्यापास्नं तशीच हाय की."

"पयल्यापास्नं हाय ह्ये झालं. का हाय?"

गुळव्यानं मातीचे हात झटकले. "त्येंच्या वाडवडलांनी पयली काहील इकत आनली हुती, म्हनून आसंल."

देवळाच्या पुजाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला की हा ग्रामदेवतेचा कौल आहे. एका म्हाताऱ्या आजोबांनी ठासून सांगितलं की मागच्या कुठल्याशा महाराजांनी पाटलांना तशी सनद दिली आहे. ती कुणी पाहिली, हे मात्र त्यांना आठवेना. शेजारच्या बाईचं मत पडलं की पाटलांच्या हाताला यश आहे, त्यांनी आरंभ केला की हंगाम बरकतीचा जातो. थोरल्या दिरांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आसल्या गोष्टी इचारायच्या नसत्यात."

आत्ती घरी येऊन चुलीपुढं बसली आणि हसायलाच लागली. मला म्हणाली, "बगितलंस? ज्येला त्येला येगळंच म्हाईत हाय. म्हंजे कुनालाच म्हाईत न्हाय. आन सगळं गाव थांबलंय."

"मग आता?" मी विचारलं.

"आता ज्येचा मान हाय त्येलाच इचारू की."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं माणसं बसली होती. पाटील वर ओट्यावर. उंच, भरदार माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज असा की पलीकडच्या आळीतलं कुत्रं गप्प व्हावं. गावातल्या बायका चावडीवरून जाताना चपला हातात घेत. आत्तीनं चपला पायात ठेवल्या नाहीत, हेही सांगते. उगाच आगाऊपणा करायचा तिचा स्वभाव नव्हता. डोक्यावरून पदर घेऊन ती पायरीखाली उभी राहिली, आणि मी तिच्या पदराला धरून.

"पाटील, एक इचारायचं हाय."

पाटलांनी मान वळवली. "बोल, सूनबाई."

"पयली काहील तुमची. त्यो मान कशाचा हाय?"

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही की हा प्रश्न आहे. मग कळलं. ओट्यावरचं तंबाखू मळणं थांबलं. थोरले दीर तिथंच होते, ते उठून म्हणाले, "चल घरला. डोकं फिरलंय हिचं."

पाटलांनी हातानं त्यांना खाली बसवलं. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. "माझा मान कशाचा, ह्ये तू मला इचारतीस?"

"व्हय," आत्ती म्हणाली. "मान तुमचा हाय. तुमाला न्हाय तर कुनाला इचारू? बाकी सगळ्यास्नी इचारून झालं. एकाचं एकाला जुळंना."

"पाटलाला आसलं इचारत्यात व्हय गं?" मागून एकजण ओरडला.

आत्ती वळली. तिचा आवाज आता चढला होता. "कोल्हापुरात म्हाराजांची गाडी थांबवून मानसं बोलत्यात, आन म्हाराज ऐकून घेत्यात, ह्ये तुमीच येऊन सांगता न्हवं? मग आमच्या गावात पाटलाला इचारायचं न्हाय? पाटील काय म्हाराजांपरास मोठं झालं?" मग पुन्हा पाटलांकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "पाटील, माझा ऊस वाळाय लागलाय. त्यो गेला तर शेत जातंय. कशापायी गेलं, एवढं तरी मला कळूद्या."

पाटील उठले. जोडा पायात घातला आणि कुणाकडं न बघता घराकडं चालू लागले. उत्तर दिलं नाही. रागही काढला नाही. आम्हीही घरी आलो.

दुपारपर्यंत बातमी साऱ्या गावात झाली. ऊस वाहायला ज्यानं आपली गाडी द्यायची कबूल केली होती, तो येऊन दारातूनच सांगून गेला की गाडीचा आख मोडलाय. संध्याकाळी तीच गाडी शेणखत भरून आमच्या दारावरून गेली. नदीवर बायका आम्हाला जागा देईनात. थोरले दीर अंगणात उभे राहून, आत न येता, म्हणाले, "आता गुऱ्हाळात तुझं पाऊलबी कोन पडू देत न्हाय. शेताचं नावच सोड आता."

संध्याकाळी आत्ती भाकरी थापायला बसली. तिची भाकरी कधी मोडायची नाही. त्या दिवशी काठवटीतून तव्यावर टाकताना दोनदा मोडली.

"आत्ती, भ्या वाटतंय व्हय?" मी विचारलं.

"वाटतंय की," ती म्हणाली. "पर मी भ्याले म्हनून ऊस वाळायचा थांबतोय व्हय?"

मी धीट माणसं पुढं पुष्कळ पाहिली. भाषणं करणारी, मिरवणुकीत पुढं चालणारी. पण भ्यालेली असून मोडलेली भाकरी पोरीच्या ताटात वाढणारी आणि तरी आपला प्रश्न मागं न घेणारी माझी आत्ती मला त्या सगळ्यांपेक्षा मोठी वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात पाला काढत होतो. सरीतून खसखस आवाज आला. बघतो तर पाटील. एकटे. आत्तीनं घाईनं पदर घेतला. पाटलांनी एक ऊस निवडून मोडला, सोलला, चावला. थोटूक टाकून दिलं. आणखी एक मोडला, तोही चावून बघितला. मग म्हणाले, "सूनबाई, ऊस झालाय."

"झालाय, पाटील."

"गुऱ्हाळावर ये. सगळ्यास्नी बलावलंय."

आम्ही गेलो तेव्हा नदीकाठी निम्मं गाव जमलं होतं. मी आत्तीचा हात सोडायला तयार नव्हते. मला वाटलं, आता हिला गावासमोर दंड होणार. पाटील चुलवाणाच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या तोंडून ऐकलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

"काल ह्या सूनबाईनं मला इचारलं, मान कशाचा. मला राग आला. घरला गेलो. जेवाय बसलो तर घास उतरंना. का, तर मलाबी म्हाईत न्हवतं. मग म्हातारीला इचारलं."

पाटलांची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. पण स्मरण लख्ख. तिनं सांगितलं ते असं. वर्षभर चुलवाण बंद असतं. हंगामाला नवी माती लावतात, ती ओली असते. आच एकसारखी लागत नाही. काहील गंजलेली असते. त्यामुळं पहिला गूळ हटकून बिघडतो. काळा, चिकट, बाजारात कुणी हुंगणार नाही असा. मग पहिला ऊस कुणी घालायचा, यावरून गावात दरसाल भांडणं होत. तेव्हा पाटलांच्या पणज्यानं सांगितलं, गावाचं नुकसान मी सोसतो, पहिली काहील माझी. आणि तो बिघडलेला गूळ तिथंच सगळ्या गावाला, वेशीबाहेरच्या वस्तीसकट, वाटून टाकायचा. लोकांनी त्याला मान म्हटलं, कारण तो खरोखर मानच होता.

"मग माझ्या बाच्या टायमाला," पाटील पुढं म्हणाले, "कुनीतरी शानपना केला. पाटलांचा गूळ कशाला नासायचा, म्हनून हंगामाच्या आदी गरिबाचा ऊस आनून गुपचूप एक काहील उकळून घ्यायची. चुलवाण तापलं, काहील घासली गेली, की मग पाटलांची 'पयली' काहील. म्हंजे नुकसान गेलं दुसऱ्याच्या गळ्यात, आन मान तेवढा आमच्याकडं ऱ्हायला. वाटपबी बंद झालं. ह्ये मला कुनी सांगितलं न्हाय. म्याबी कधी इचारलं न्हाय. इचारायला पायजे हुतं."

गुळव्यानं मान खाली घातली. माणसं एकमेकांकडं बघू लागली. मी लहान होते, तरी मला कळलं की एवढ्या मोठ्या माणसानं गावासमोर आपल्याच घराबद्दल असं बोलणं ही काही साधी गोष्ट नाही. आत्तीबद्दल मला जेवढा आदर, त्याच्या पासंगाला लागेल एवढा तरी मी पाटलांसाठी राखून ठेवलाय. विचारणारं माणूस दुर्मीळ, हे खरंच. पण विचारल्यावर राग गिळून घरी जाणारं आणि शोध घेऊन परत येणारं माणूसही काही झाडाला लागत नाही.

"तवा आता," पाटील म्हणाले, "मान पयल्यासारखा. पयली काहील नासायची, ती आमचीच. पर माझा ऊस कवळा हाय. पिकस्तवर..."

"पाटील," आत्ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. पाटलांनी कपाळावर हात मारला. "आता काय, सूनबाई?"

"काहील नासायचीच हाय न्हवं?"

"व्हय."

"मग नासायला पिकल्याला ऊस कशाला पायजे? कवळाबी चालंल की."

मग गुळव्याच पहिल्यांदा हसला, आणि मग सगळं गाव. पाटलांचा तो डोंगरासारखा देह हसण्यानं गदागदा हलत होता. ज्या गुळाची माती होणार हे पणज्याच्या काळापासून ठरलेलं, त्याच्यासाठी चांगला ऊस पिकायची वाट बघत साऱ्या गावानं आपला पिकलेला ऊस वाळवत ठेवला होता. पाटील डोळे पुसत म्हणाले, "आरं, तोडा रं माझा ऊस. आत्ताच्या आत्ता तोडा."

दुसऱ्या दिवशी चुलवाण पेटलं. पाटलांच्या कोवळ्या उसाचा गूळ कसला, काळी पातळ राबच ती. घट्ट व्हायचं नावच घेईना. पाटलांनी स्वतः पळसाच्या पानावर घेऊन पहिल्यांदा चाटली आणि असं तोंड केलं की पोरं खिदळली. मग पानांवर घालून सगळ्यांना वाटली. वेशीबाहेरच्या वस्तीतली म्हातारी माणसं पुढं येईनात; पाटलांनी त्यांना हाक मारून बोलावलं. तो गूळ कडवट होता, त्यात धुराचा वास होता. मी पान पुसून चाटलं.

त्यानंतर आमची पाळी. आख मोडलेली गाडी आपोआप दुरुस्त होऊन दारात उभी राहिली. आत्तीनं काही टोमणा मारला नाही, फक्त आखाकडं वाकून जरा निरखून बघितलं. चरक फिरला, रस काहिलीत पडला, गुळव्यानं भेंडीचं पाणी घालून मळी काढली, आणि जो गूळ उतरला तो केशरासारखा. आत्ती काहिलीजवळ उभी होती. वाफेनं का कशानं, तिचे डोळे वाहत होते. गूळ शाहूपुरीत गेला तेव्हा आम्हीही गाडीवर बसून गेलो. कानडी बोलणाऱ्या लिंगायत अडत्यानं बोटानं टवका काढून चाखला, मान हलवली आणि "हा कुनाचा?" म्हणून विचारलं. गाडीवाला आत्तीच्या थोरल्या दिरांचं नाव सांगायला लागला. आत्ती म्हणाली, "माझा."

हंगाम सरल्यावर भावकी पुन्हा बसली. या वेळी पाटील मुद्दाम आले होते. थोरले दीर काही वाईट माणूस नव्हते. ते ताठ बसून म्हणाले, "मी शबुद दिल्ता. ऊस हाताला आला, गूळ पेठंला पोचला. शेत धाकलीकडं ऱ्हाऊ दे. माझी ना न्हाय."

म्हाताऱ्यांनी "बराबर हाय" म्हटलं. पानाचं तबक फिरायला लागलं. मला वाटलं, संपलं. आता घरी जाऊन झोपायचं. आत्तीनं पदर सारखा केला.

"भावजी, एक इचारू?"

थोरल्या दिरांनी हातच जोडले. "आता काय ऱ्हायलं, बाई? दिलं की शेत!"

"त्येच इचारतीया," आत्ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "शेत माझ्या नवऱ्याच्या वाटनीचं. त्यो असता तर पीक गेलं म्हनून तुमी त्येच्याकडनं काढून घेतलं नसतं. मग माझं शेत मला द्यायचं का न्हाय, ह्ये तुमी ठरवायचं, आसं कुनी ठरवलं?"

पानाचं तबक होतं तिथंच थांबलं. थोरल्या दिरांनी म्हाताऱ्यांकडं बघितलं, म्हाताऱ्यांनी पाटलांकडं. पाटलांनी हातातलं पान परत तबकात ठेवलं. मग म्हणाले, "मी न्हाय ठरवलं. तुमच्यापैकी कुनी ठरवलं आसंल तर सांगा तिला."

कुणीच सांगितलं नाही. आम्ही उठून घरी आलो. आत्तीनं त्या साली पुन्हा त्याच शेतात ऊस लावला, आणि मरेपर्यंत ते शेत तिनंच कसलं.